खुर्चीतला म्हातारा आणि त्याची ठेव

ती. मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे; पोचला असं समजावं.) तुमचा खोकला हल्ली कोणत्या सप्तकात आहे? मामींचे गुडघे आणि वरच्या भाडेकरूशी चाललेलं तुमचं भांडण, दोन्ही आपापल्या जागी ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. एवढंच की माझी नोकरी गेली.

गेली म्हणजे कोणी हाकललं वगैरे नाही. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सगळंच अदबीनं होतं. व्यवस्थापकांनी सर्वांना चहाला बोलावलं, आर्थिक परिस्थितीवर काही गंभीर वाक्यं टाकली (बहुतेकांना क्रियापद नव्हतं), आणि चहा संपेपर्यंत कचेरीही संपली. त्या दिवशी मी 'संचय' या शब्दाची नोंद पुरी करत होतो. माझ्या वाट्याचा पुढचा शब्द होता 'संतोष'. तिथवर पोचणं झालं नाही.

आता दुपारी सज्जात बसतो. मामा, दुपार नावाची वस्तू मी इतक्या वर्षांत नीट पाहिलीच नव्हती. ऊन भिंतीवरून इतक्या सावकाश उतरतं, जणू त्यालाही कुठं कामावर जायचं नाही. समोरच्या घरातले पडदे झोपेत श्वास घ्यावा तसे आत-बाहेर होतात, कुणीतरी लांब कुठंतरी एकच पातेलं घासत राहतं, आणि डोळा लागतो. मग तो येतो. समोरच्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, एक म्हातारा. कान माझे, पण जास्त केसाळ. नाकही माझंच, फक्त थोडं पुढं गेलेलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. पहिल्या पगारापासून दरमहा ज्याच्या नावानं मी पैसे बाजूला टाकत आलो, तोच हा. (व्यवहार इतका जुना, आणि भेट पहिलीच!)

तो पहिला पगार तुम्हाला आठवत असेल. मी बूट घ्यायला निघालो होतो, आणि तुम्ही दंडाला धरून बँकेत नेलंत. "म्हातारपणाची ठेव आत्ताच सुरू कर," म्हणालात, आणि माझ्यावर काडीचा विश्वास नसल्यामुळे खात्यावर स्वतःचंही नाव घातलंत: काढायची तर दोघांच्या सह्या. वर ते नियम अथपासून इतिपर्यंत वाचलेत. मागची रांग कण्हत होती, कारकून घड्याळ बघत होता, आणि तुम्ही चष्मा पुसत त्याला सुनावलंत, "चष्म्याशिवाय मी देवाच्या चिठ्ठीवरसुद्धा सही करायचा नाही!"

परवा त्याच बँकेत गेलो. कन्येच्या शेवटच्या वर्षाची फी तोंडावर आली आहे. म्हटलं, ठेव मोडावी. सल्ला देणारी मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, ही साधी ठेव नाही, यातला बराच भाग शेअरबाजारात आहे आणि बाजार सध्या झोपलाय. आत्ता काढलंत तर तोटा पक्का."

"बाजारालाही दुपार झाली म्हणायची," मी म्हणालो.

ती हसली नाही. "अडीअडचणीसाठी थोडे पैसे वेगळे ठेवलेत ना?"

ठेवले होते. पण कुठं ठेवले ते घरात सर्वांना ठाऊक होतं. (त्यातून आलेला फ्रीज फारच छान चालतो.)

घरी येऊन सज्जात बसलो आणि म्हाताऱ्याकडं विषय काढला. वाटलं होतं, भांडेल. तुमच्यावर गेला असता तर भांडलाच असता. पण तो म्हणाला, "घे की. मला काय लागतंय? अर्धा कप चहा." मी विचारलं, "आणि दात?" तो म्हणाला, "फार तर तवर्ग जाईल. बाकीचे वर्ग आहेत." मामा, त्यानं नाही म्हटलं असतं तर मी खुशाल पैसे काढले असते. पण तो हो म्हणाला, आणि सदऱ्याची सुटलेली गुंडी चाचपत बसला.

ही शिवणाच्या क्लासमधून आली, तेव्हा मी रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो. तिनं दोन कप चहा आणून ठेवले आणि म्हणाली, "पाहुण्यांना साखर चालते ना?" मग जरा थांबून, "त्यांना सांगा, आमच्या क्लासवर घर चालतंय. फी हप्त्यानं भरता येते, लेक विचारून आलीय. आणि औषधाच्या कारखान्यातून पुन्हा निरोप आलाय."

कारखान्याचं काम म्हणजे औषधाच्या डब्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं छापण्याआधी तपासणं. कोशकारानं आयुष्याच्या उत्तरार्धात 'मळमळ, चक्कर, क्वचित पुरळ' यांवर नजर फिरवायची! मी ताठ मानेनं म्हणालो, विचार करतो. खुर्चीत कोणीतरी हळूच खोकलं.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार, भाडेकरूला जय मिळू नये ही सदिच्छा.

तुमच्या धाकात वाढलेला आणि अजून न निवळलेला,
भाचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. ठेव मोडायला तुमची सही लागेल. या आठवड्यात निघून यावं. वेताची खुर्ची सज्जात आहेच. तो तुमच्यासाठी उठेल.

ता. क. दुसरा. मुक्काम भरपूर करावा. सोमवारपासून सकाळचा मी घरी नसेन. मळमळीचा मजकूर तपासायला घेतला आहे. (नमुन्यादाखल घरी धाडलेल्या पहिल्याच पत्रकात 'दिवसातून दोनदा' हे 'दिवसातून दोनशेदा' झालं होतं. एका माणसाचं पोट वाचवलं. कोशानं हे कधी घडलं नव्हतं.) दुपारी मात्र दोघं बसू. मी सहीसाठी हट्ट धरीन, संस्कृत वचनंही ऐकवीन. ऐकू नये.

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा. येताना चष्मा घरीच विसरावा.