गाण्याच्या मध्यावर जाते ती

रविवार, १० नोव्हेंबर

दूध उतू गेलं तरी आई उठली नाही. समोर पेपर, हातात पेन्सिल. गॅस मी बंद केला, ओटाही मीच पुसला.

रविवारचं शब्दकोडं त्या माणसाचं असतं. म्हणजे माझ्या बापाचं. आम्हाला सोडून दुसरीच्या घरी राहायला गेला, पण दर रविवारी सकाळी कोड्याच्या खाली बारीक अक्षरांत नाव घेऊन हजर! आई ते सोडवते. मी पाठ फिरवून बसते. किती वर्षं हेच चाललंय.

आजचं कोडं खास होतं. सगळं एकाच सिनेमावर — गाण्यांनी गच्च भरलेला तो जुना सिनेमा. तो पुन्हा लागला होता तेव्हा, लग्न ठरल्यावर, या दोघांनी पाहिलेला. आई भराभर चौकटी भरत होती. नायिका कशातून पळून जाते? होडी. खलनायकाच्या हातात काय? छत्री. मग थांबली. मोठ्याने वाचलं, "गाण्याच्या मध्यावर जाते ती. दोन अक्षरं."

"अब्रू," मी म्हटलं.

हसली नाही. "वीज," म्हणाली आणि लिहून टाकलं.

"सिनेमात वीज जाते?"

"सिनेमात नाही गं. थेटरात गेली होती. जिन्यावरचं गाणं चालू असताना. पडदा काळा झाला. कुणी ओरडलं नाही, काही नाही. लोकांनी उरलेलं गाणं अंधारातच म्हणून पुरं केलं. तुझ्या बाबांनीसुद्धा. इतके बेसूर!"

आणि लाजली. या वयात! मला तिच्याकडे बघवेना.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काका आला. बापाचा धाकटा भाऊ, त्याचा वकील, हमाल, सगळं काही. चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा. मग, "वहिनी, दादाला तिने घराबाहेर काढलंय. महिना झाला. लॉजवर राहतोय बिचारा. विचारत होता, परत येऊ का."

आईने कपबश्या गोळा केल्या.

"कालचं कोडं पाहिलंत ना?" काकाने हळूच विचारलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अर्ज होता तर तो! छापील अर्ज, पेपरच्या खर्चाने.

मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे ना?"

"अगं, आमच्याकडे कसं जमेल... तुझ्या काकूला नाही आवडायचं."

"आणि आम्हाला आवडेल हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"जिभेला हाड नाही हिच्या," काका आईला म्हणाला. आई म्हणाली, "विचार करून कळवते." मला वाटलं होतं, तोंडावर नाही म्हणेल.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज ऑफिसात माझ्या टेबलावर तपासणीला बॉयलरचा एक दाबमापक आला. दाब पूर्ण काढून घेतला तरी काटा शून्यावर येईना. कारखानदार म्हणतो, "मॅडम, टिचकी मारा, येतो." टिचकी मारली. आला. तरी नापासचा लाल स्टिकर लावला. तो कुरकुरत गेला. जाऊ दे! टिचकी मारल्यावर जागेवर येणाऱ्या वस्तू मी पास करत नाही.

घरी आले तर आई कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करत होती. कुणासाठी ते विचारलं नाही. जेवायला बसल्यावर सरळ बोलले — "क्रम बघ. आधी तिने हाकललं. मग याला सिनेमा आठवला. म्हणजे आठवण आली ती तुझी नव्हे, छपराची."

"तू सगळ्याला क्रम लावतेस."

"या घरात कुणीतरी लावायला नको?"

हेही सांगितलं की तो आला तर मी बाहेरगावच्या साइटवर बदली मागून घेईन. धमकी होती. धमकी म्हणूनच दिली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

फोनवर तो सिनेमा पूर्ण पाहिला. वीज कुठेही जात नाही. बाकीच्या वाचकांनी ती दोन अक्षरं कुठून आणायची? नवरा-बायकोचं खासगी बोलणं पेपरात घालायचं आणि वर मानधन घ्यायचं. निर्लज्ज!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आईने काकाला फोन केला. माझ्यासमोरच. "गरज पडली म्हणून आठवण आली असेल तर नको म्हणावं." माझंच वाक्य, जरा धुऊन-पुसून.

जिंकले. पोटभर जेवले. आई दोन घास खाऊन उठली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सुट्टी होती. पेपरच्या कचेरीत तक्रारीचा फोन लावला. तिथे थांबायला हवं होतं, पण जिंकल्यावरही एक लाथ घालावीशी वाटते. नातं सांगितलं नाही. कोड्याचं पान बघणाऱ्या बाई भेटल्या. म्हटलं, 'वीज' हे उत्तर सिनेमात कुठेच नाही, ही वाचकांची फसवणूक आहे.

बाई हसल्या. "अहो, मीसुद्धा त्यांना हेच म्हटलं होतं! कोडं हातात आलं तेव्हाच, उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात?"

"हो ना. सिनेमाची पन्नाशी नोव्हेंबरात, म्हणून ठेवून दिलं होतं. म्हटलं, हे कुणाला येणार? तर म्हणाले, एका व्यक्तीला येईल, राहू द्या."

फोन ठेवला.

उन्हाळ्यात तो तिच्याकडे मजेत होता. दोघांचा थंड हवेच्या ठिकाणचा फोटो काकानेच दाखवला होता, गॉगल वगैरे लावून. कुणी हाकललं नव्हतं. छप्पर होतं. म्हणजे कोडं हा अर्ज नव्हता.

मी आईला लावून दिलेला क्रम उलटा होता. न तपासता लावला होता. मी! आणि आईचा नकार त्याच क्रमावर उभा आहे.

सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. आज तिच्याशी बोलणं टाळलं. तिला वाटलं, डोकं दुखतंय. बाम आणून दिला.

तो माणूस मला अजूनही घरात नकोच आहे. पण खोट्या मापावर नको.

रविवार, १७ नोव्हेंबर

सांगितलं. उन्हाळा, ठेवून दिलेलं कोडं, 'एका व्यक्तीला येईल' — सगळं. वाटलं, रडेल. नाहीतर काकाला फोन करेल.

भांडी घासता घासता म्हणाली, "म्हणजे तिथे असतानाही त्यांना सगळं आठवत होतं." नळ बंद केला. "मी आपली समजत होते, विसरले असतील. विसरणं मी माफ केलं होतं. आठवत असून तिथे राहणं नाही."