नियम चौथा

मंगळवार, संध्याकाळ

काटोलच्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅडमिन सुधाकरभाऊंनी आज बारा नियम टाकले. चौथा: नाव घेऊन कोणावर टीका करू नये.

मागच्या आठवड्यात मी गळलेल्या फळांचा फोटो टाकला, तेव्हा एका दलालानं लिहिलं होतं, "बाईच्या हाती बाग दिली की असंच होते." आज नाव घेऊन त्याला जाब विचारला, तर दहा मिनिटांत मलाच काढलं.

भाऊंना फोन केला.

"ताई, चौथा नियम सर्वांले सारखा आहे. त्यानं तुमचं नाव कुठी घेतलं होतं?"

नव्हतंच घेतलं. चुलीत घाला तो चौथा नियम. नाव कशाला घ्यावं लागतं? एवढ्या मोठ्या ग्रुपात बाई मी एकटीच होते.