रेनिल्डेच्या मुठी

८ सप्टेंबर
गेंटहून सामान आलं आणि मी लगेच विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढले. इथली कॅरिलॉनवादक, म्हणजे घंटांवर धुना वाजवणारी, आता मी, ग्रीत! वर नुसत्या घंटाच घंटा. काही हंड्याएवढ्या, काही वाटीएवढ्या. खाली बाकावर बसून मिटल्या मुठींनी लाकडी दांडे ठोकायचे, की वर तारा ओढल्या जातात. मोठ्या घंटा पायांनी. रखवालदार योस्ट म्हणाला, "रेनिल्डेनंतर इथं कुणी टिकलं नाही, पोरी." मी हसले. चौकात गरमागरम फ्रिट, बटाट्याचे तळलेले काप, खाल्ले.

१६ सप्टेंबर
रविवारची पहिली मैफल. टाळ्या पडल्या, पण बिअरचा पेला हातात घेतलेला जो तो म्हणे, अगदी रेनिल्डेच! तिला आज पाहिलं. कसल्याशा दुखण्यानं दोन्ही मुठी कायमच्या मिटल्यात. चौकातल्या घरी खिडकीशी बसून असते. मी वाजवताना म्हणे तिच्या मुठी मांडीवर हलत होत्या.

२३ सप्टेंबर
आज मला न येणारी धून वाजवली. मुठी आपोआप पडत गेल्या. माणसं रडली. चौकातली फुलवाली म्हणाली, "अगं, माझ्या लग्नात रेनिल्डेनं वाजवलेली ही!" आणि सगळे रेनिल्डेच्या खिडकीकडे वळून टाळ्या पिटू लागले. घाम माझा, टाळ्या तिला! जिवाचा नुसता जळफळाट झाला. तडक जाऊन तिला बजावलं, पुढच्या रविवारी खिडकी बंद हवी.

३० सप्टेंबर
तिनं खिडकी लावली. मी वाजवलं ते भांडी पडल्यासारखं. लोक उठून गेले. मीच धावत जाऊन विनवलं, उघडा हो. ती म्हणाली, "उघडते. पण परत लावायला सांगायचं नाही." मी हो म्हटलं.

७ ऑक्टोबर
असं कधीच वाजलं नव्हतं. चौकभर माझं नाव! ग्रीत, ग्रीत! पण नंतर मुठी सुटेनात. गरम पाण्यात धरल्या. उजवी जराशी उघडली. डावी —

१० ऑक्टोबर
पेन मुठीत खुपसून लिहितेय. योस्ट सांगत होता, रेनिल्डेनं आज आपल्या हातानं कॉफी ओतली. बोटं लांब, तरणी. करंगळीवर तीळ —
माझा तीळ —

१४ ऑक्टोबर
रेनिल्डेच्या खिडकीशी मी बसलेय. वर मनोऱ्यात ती आहे. काय वाजवते! डावी मूठ मांडीवर आपटतेय — मी हलवत नाहीये —
टाळ्या. ग्रीत, ग्रीत ओरडताहेत. मी ओरडले, अहो, मी इथं आहे! फुलवालीनं माझ्या खिडकीकडे पाहिलं, लाडानं म्हणाली, "ऐकलंत ना, रेनिल्डेबाई, पोरगी अगदी तुमच्यासारखी वाजवते!"