सदाबहार म्हणजे बारा महिने फुलं

अहो,

मायन्यात काय लिहावं याच विचारात अर्धी दुपार गेली. तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, आणि 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्हीच पोट धरून हसाल. म्हणून जन्मभर जशी हाक मारली तशीच मारते आहे. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा काना-मात्रा चुकल्या तर राग स्वतःवरच काढा.

पत्र आजच का? तर काल तुमचे मुन्शीचाचा येऊन गेले. कचेरीत तुमच्या शेजारी बसून उर्दू कागदांच्या नकला करायचे, तेच. समाचाराला म्हणून आले आणि तुमचं एक गुपित फोडून गेले. नऊ वर्षं तुम्ही मला फसवलंत! आणि मी वेडी, तुम्हालाच कुणीतरी फसवलंय असं समजून नऊ वर्षं तुमची कीव करत बसले. हे तोंडावर बोलायला तुम्ही हवे होतात.

हैदराबादेहून परत आलात तो दिवस आठवतो का? साहेबांबरोबर कामाला गेला होतात. आम्हाला वाटलं, बांगड्या तरी आणतील. आणि तुम्ही गाडीतून उतरलात ते मांडीवर मातीची कुंडी घेऊन! जालन्यापर्यंत आगगाडीत आणि तिथून इथवर बैलगाडीत, ती कुंडी म्हणे खाली ठेवलीच नव्हती. कुंडीत वीतभर रोप आणि त्याला मोजून पाच पानं.

"सोनचाफा हाय," तुम्ही जमलेल्या आळीला सांगितलंत. "बागवान म्हनला, सदाबहार झाड हाय. सदाबहार मंजे बारा महिने फुलं!"

कुणी शंकासुद्धा काढली नाही. बहर म्हणजे बहर. सदा बहर म्हणजे सदा फुलं. कचेरीतली उर्दू आपल्या गावाच्या शिवेवर आली की अशीच मराठी होऊन बसते. त्यातून तुम्ही कचेरीतले, तुमचा शब्द कोण खोडणार?

आपली यमू तापानं गेली ते तेच साल. मी चूल सोडून उठत नव्हते. परसात जायचं म्हटलं की पाय उंबऱ्याशीच थांबायचे, कारण तिचं सगळं खेळणं तिथंच असायचं. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मला त्याचाही राग यायचा. बापाचं काळीज असं कोरडं कसं, असं मनात यायचं. तुम्ही आपले कुदळ घेऊन परसातल्या विहिरीजवळ खड्डा खणत बसलात.

खड्डा तरी केवढा! माणूस उभा राहील एवढा. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात या झाडाची मुळं कुजतील म्हणून सगळी उपसून काढलीत. तळाला मुरूम घातलात. कपिलधारच्या दरीतून पालापाचोळ्याची माती पोत्यांनी आणलीत, धनगराकडून लेंड्या आणल्यात. वरून कडब्याचा आडोसा केलात. आणि एवढं सगळं स्वतः करून शेवटी मला म्हणालात, "सकाळचं पानी तेवढं तू घालत जा. मला कचेरीची घाई असती. आन् कळी आली का त्ये नीट बगत जा."

गेले मी. नाइलाजानं गेले, पण गेले. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पाय अडला, तिसऱ्या दिवशी अडला नाही. महिनाभरानं मी त्या पाच पानांची सात झालेली तुम्हाला धावत सांगायला आले होते. तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात, आणि मी म्हटलं, "काय बघताय? भाकरी गार होतेय."

फुलं मात्र आली नाहीत. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं! झाड छपराच्या वर गेलं, पण कळीचा पत्ता नाही. पाणी भरायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "काय ओ, तुमचा बारमाही चाफा फुलला का न्हाई?" मी आत येऊन भांडी आपटायची. माघ-फाल्गुनात गावातली झाडं उघडी पडायची आणि हे एकटं हिरवंगार उभं असायचं. ते रोज बघत होते, पण त्यात बघण्यासारखं काही आहे हे काही डोक्यात शिरलं नाही.

आणि आता ती गोष्ट लिहिते, जी आजवर कुणाला सांगितली नाही. तुम्ही आजारी होतात. खाटेवरून विचारलंत, "झाडाला पानी घातलंस का?" रात्रभराच्या जागरणानं मी वैतागले होते. म्हणाले, "घातलं. तुमच्यासारखंच आहे ते. नुसतं हिरवं दिसायचं, द्यायचं काही नाही."

तुम्ही हसलात. का हसलात हो? रागवायचं तरी होतं! त्यानंतर आठच दिवसांनी तुम्ही गेलात. ते बोलणं मला परत घेता आलं नाही.

तुमच्यामागं भावजींनी सगळं शेत अंगावर घेतलं. पण ते कुणाशी धड बोलत नाहीत. भाऊ गेला तसा त्यांचा आवाजही गेला. भाकरी बांधून घेतात, दिवस उगवायच्या आत शेतात जातात, झाडाकडे तर फिरकतच नाहीत. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एवढं बोलले. "वहिनी, दुसरी मोट सुरू करायची हाय. बैलांच्या धावंला त्ये झाड आडवं येतंय. फूल न्हाई, फळ न्हाई, कावून ठिवायचं? तुमी हो म्हना, मी कुऱ्हाड लावतो."

मी 'हो' म्हणणारच होते. खरं सांगते, मला त्या झाडाचा राग होता. रोज तिथं गेलं की माझंच बोलणं ऐकू यायचं.

तेवढ्यात काल मुन्शीचाचा आले. मी दाराआडून म्हटलं, "बघा तुमच्या दोस्ताचा सदाबहार. एक फूल नाही."

ते हसायला लागले. "भाभी, सदाबहार मंजे बारा महिने फूल न्हाई ओ! ज्याचं पान कधी झडून जात न्हाई, बारा महिने हिरवं ऱ्हातं, त्ये सदाबहार. बीचं सोनचाफ्याचं झाड, फुलायला धा-बारा सालं लागत्यात. मी त्यास्नी पयल्याच साली सांगितलंतं की."

"पहिल्याच साली?"

"हां. तर माझा हात धरून म्हनले, चाचा, घरी बोलू नगा. फुलाच्या आशेनं ती रोज सकाळी भाईर येती. खरं कळलं तर पुन्ना चुलीपाशी जाऊन बसंल."

चाचा गेले. मी उठून तडक झाडाजवळ गेले आणि बुंध्याला कपाळ टेकून पोटभर रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. कोरडं काळीज म्हणे! माफ करा हो मला. आणि हसलात का, तेही आता कळलं. 'नुसतं हिरवं' म्हणताना सदाबहारचा खरा अर्थ नकळत मीच बोलून गेले होते.

आज सकाळी भावजींना सांगितलं, झाड तोडायचं नाही. धाव दुसऱ्या अंगानं काढा.

"तितं तुमचे वांग्याचे वाफे हायेत."

"जाऊ द्या वाफे."

ते झाडाकडे बघत उभे राहिले. तुम्ही गेल्यापासून प्रथमच त्यांनी तिकडे मान वर करून पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "वहिनी, दादा म्हनायचा त्ये खरं हाय का? सदाबहार मंजे बारा महिने फुलं?"

खरा अर्थ माझ्या ओठांवर होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "खरं आहे. फक्त वरच्या फांद्यांवरचं मला आता दिसत नाही. रोज सकाळी तुम्ही जरा बघाल का?"

माझ्या डोळ्यांना काय झालंय? खळ्यावर सांडलेला तीळ मला ओसरीवरून दिसतो! पण भावजी "बगतो की" म्हणाले, विहिरीच्या काठावर चढले आणि फांदी वाकवून एकेक पान उलटून बघायला लागले. खाली उतरले तर म्हणाले, "आज न्हाई. उद्या बगू." आणि चहा मागितला. स्वतःहून!

तेव्हा माझा शब्द घ्या. झाडाला पहिलं फूल येईपर्यंत भावजींना खरा अर्थ मी सांगणार नाही. मुन्शीचाचांनाही तशीच ताकीद देणार आहे.

तुमची,
अनसूया