या घरातून आधीच कोणीतरी उत्तरं दिली आहेत

६ फेब्रुवारी, गुरुवार

साठ डॉलर! गेम खेळून! शाळेच्या कॅफेटेरियात ट्रे धुताना शेरिल म्हणाली, "अगं रेनी, बसल्याजागी बोटं चालवायची. मी महिन्यात साठ काढले." आधी मला वाटलं थट्टा करतेय. मग तिनं फोनच दाखवला.

माझा फुकटच्या पैशावर विश्वास नाही. आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. पण रोजचे पंधरा जरी सुटले तरी शाळेतली नोकरी सोडता येईल, आणि सासऱ्यांना सकाळचे चार तास घरात एकटं ठेवावं लागणार नाही. पक्षाघाताला दीड वर्ष झालं. बोलणं नाही, लिहिणं नाही, उजवा हात मेलेला. डाव्या हातानं दिवसभर टॅबलेटवर रंगीत फुगे फोडत बसतात. कर्ट म्हणतो, "बाबांना त्या केअर होममध्ये ठेवू." मी म्हणते, थांब जरा.

तर—तीन ॲप घेतली आहेत. एक गेमचं, एक सर्वेचं, एक दुकानातल्या पावत्यांचे फोटो मागणारं. आठवडाभर पारखून बघते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पावत्यांचं ॲप काढून टाकलं. मी कोणता साबण वापरते हे जगाला कळवून सात सेंट मिळाले!

सर्वेचं ॲप तर छळवाद आहे. अकरा मिनिटं उत्तरं दिली, कुत्रा आहे का, ट्रक आहे का, दात दुखतात का. सगळं सांगितल्यावर वर पाटी आली—"क्षमस्व, या सर्वेसाठी तुम्ही पात्र नाही." अरे, मग आधी सांगायचं ना! माझे दुखरे दात फुकटात गेले.

गेमचं जरा बरं वाटतंय. शेतं लावायची, कोंबड्या पाळायच्या. मंगळवारी दुपारी बाराच्या आत चाळिसावी लेव्हल गाठली तर पस्तीस डॉलर. एक मिनिट उशीर झाला तर शून्य. सध्या एकविसावी.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी

शाळेला थंडीची सुट्टी. उणे अठरा! देवानंच दिली ही सुट्टी. छत्तिसावी लेव्हल झाली, चार राहिल्या. सासरे न्याहारी करून खुर्चीत बसलेत, त्यांचे फुगे फुटताहेत. जेवायला अंड्याची सँडविचेस, म्हणजे फार खटाटोप नको. ती होईपर्यंत खाली तळघरात बसून दोन लेव्हल मारते, तिथे वाय-फाय चांगलं येतं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

घर जळता जळता वाचलं.

कर्ट जेवायला घरी आला म्हणून! किचनभर काळा धूर, पातेलं कोरडं पडून लाल झालेलं, अंडी फुटून छताला चिकटलेली, शेजारचं फडकं पेटलेलं. आणि सासरे तळघराच्या दारावर वॉकर आपटत उभे. मी कानात इअरफोनची बोंडं घालून खाली! कर्टनं खाली येऊन माझा खांदा गदागदा हलवला तेव्हा कळलं.

"बाबा गिरणीत असताना रोज डब्याला दोन उकडलेली अंडी न्यायचे," कर्ट म्हणाला. "ते डोक्यात बसलंय त्यांच्या. लावली शेगडी आणि भांबावून दार बडवत बसले. आता पुरे, रेनी. तू शाळेत असतीस तर आज आपण प्रेत उचललं असतं."

मी मान हलवली. सासरे आम्हा दोघांकडे बघत होते. मग टेबलावर बोटांच्या पेरांनी टक-टक केलं. ही त्यांची नवीन खोड, वर्षभर चाललीय. नसांचं काहीतरी असणार.

चाळिसावी लेव्हल गाठली होती. बाराला चार मिनिटं कमी असताना. पस्तीस डॉलर मिळाले. त्या पैशांचं नाव काढावंसं वाटत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कर्टनं होममध्ये नाव घातलं. १७ मार्चला खोली रिकामी होतेय. नदीपलीकडे, वीस मिनिटांवर. किचनचं छत दोनदा रंगवलं तरी डाग दिसतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेमचं ॲप उडवलं. सर्वेचं तेवढं ठेवलंय. रोज दीड-दोन डॉलर, त्यासाठी डोळ्यांचं पाणी. नोकरी काही सुटत नाही यानं.

आज तर मला हाकलूनच दिलं! मध्येच एक प्रश्न घुसवतात—"तुम्ही लक्ष देत आहात ना? मग खालीलपैकी 'निळा' निवडा." मी घाईत भलतंच दाबलं. "तुम्ही लक्षपूर्वक वाचत नाही," असं मलाच सुनावून बाहेर काढलं. बावन्न वर्षांच्या बाईला! शेरिलला फोनवर सांगितलं तर ती खिंकाळली नुसती.

मग तिनं विचारलं, "सासऱ्यांचं काय झालं?" सांगितलं, १७ तारीख ठरली. म्हटलं, "त्यांना काय कळतंय गं? इथे काय, तिथे काय. सुटतील बिचारे, आणि आम्हीही." सासरे समोरच होते, फुगे फोडत.

१ मार्च, शनिवार

हे काय नवीन? चार डॉलरचा मोठा सर्वे आला, उघडला, तर पाटी—"या घरातून आधीच कोणीतरी उत्तरं दिली आहेत. एका पत्त्यावर एकच व्यक्ती."

कोणीतरी म्हणजे कोण?

२ मार्च, रविवार

कर्टला विचारलं. "मी? मला वेळ आहे का असल्या भिकारचोट धंद्यांना?" असं म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. त्याच्या जुन्या ईमेलचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत आहे. उघडली. "अभिनंदन, कर्ट!" "शाब्बास, कर्ट!" "कर्ट, आज तू सहा सर्वे पूर्ण केलेस!" नोव्हेंबरपासून! रोज! चाळीस हजारांवर पॉइंट!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पैशाचं नाही एवढं. सव्वीस वर्षांच्या संसारात माणूस तोंडावर खोटं बोलतो? आणि मला हसत होता, "कोंबड्या कशा आहेत तुझ्या?" म्हणून!

७ मार्च, शुक्रवार

पाच दिवस बोलणं बंद. गावच्या क्लबात मासे खायला गेलो, ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू झालेत, मांस बंद, मासे चालतात. समोरासमोर बसून कोबीची कोशिंबीर चिवडली. वेट्रेस म्हणाली, "आज काय दोघांनी मौन धरलंय?" कर्ट म्हणाला, "आईची शपथ घेऊन सांगतो, रेनी, मी नाही." आई मेली त्याची, शपथेला काय जातंय.

९ मार्च, रविवार

लिहिता येत नाहीये धड. तरी लिहिते.

कर्ट तळ्यावर गेला होता, बर्फ वितळायच्या आत शेवटचे मासे धरायला. मी सासऱ्यांना टोमॅटोचं सूप घेऊन गेले, मागून. टॅबलेटवर फुगे नव्हते. अक्षरं होती. तोच निळा-पांढरा पडदा, माझ्या सर्वेच्या ॲपचा!

प्रश्न होता—"गेल्या आठवड्यात तुम्ही किती जणांशी बोललात?" दहाहून जास्त. पाच ते दहा. एक ते चार. एकही नाही.

डावं बोट वर गेलं. हललं नाही, थरथरलं नाही. "एकही नाही." मग "पुढे".

मी श्वास धरून उभी. मनात म्हटलं, योगायोग असेल, कुठेही दाबत असतील. पुढचा प्रश्न आला—"तुम्ही लक्ष देत आहात ना? मग खालीलपैकी 'हिरवा' निवडा." लाल, पिवळा, हिरवा, जांभळा.

हिरवा!

वाडगा माझ्या हातातून सुटला. सूप गालिच्यावर. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. निवांत पाहिलं. बऱ्याच दिवसांपासून वाट बघत असल्यासारखं.

कळतं. सगळं कळतं त्यांना! बोलता येत नाही, लिहिता येत नाही, पण समोर चार उत्तरं मांडली तर त्यातलं आपलं उचलता येतं. आणि दीड वर्षात आम्ही कोणी चार उत्तरं मांडलीच नाहीत. त्या फुग्यांच्या गेममध्ये कुठेतरी जाहिरात आली असणार, त्यांनी दाबली असणार. टॅबलेटवर कर्टचीच ईमेल, म्हणून "अभिनंदन, कर्ट". एक सेंटही काढलेला नाही. पॉइंट तसेच पडलेत. पैशासाठी नव्हतंच ते. कोणीतरी त्यांना प्रश्न विचारत होतं.

"सुटतील बिचारे, आणि आम्हीही." मी म्हणाले होते हे. समोर बसून. देवा!

१० मार्च, सोमवार

शाळेत रजा टाकली. कागदावर मोठ्या अक्षरात माझा सर्वे केला. जेवायला काय? १) सूप २) चीज सँडविच ३) सॉसेज. सॉसेजवर बोट! आणि मी दीड वर्ष त्यांना सूप पाजतेय.

"थोडं गाजर देऊ?" विचारलं. टेबलावर टक-टक. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. युकर! चाळीस वर्षं दर मंगळवारी सासरे क्लबात तो पत्त्यांचा डाव खेळले. हुकूम बोलायचा नसला की पत्ते हातात धरून टेबलावर दोनदा टकटक करायची—पास, म्हणजे मी काही बोलत नाही. या गावातलं शेंबडं पोरही सांगेल! ती खोड नव्हती, नसांचं काही नव्हतं. माणूस वर्षभर आम्हाला "पास" म्हणत होता आणि आम्ही डॉक्टरला विचारत होतो!

मी कागद उलटून पुढचं लिहिलं. कुठे राहायचं? १) होम २) इथे. मी "होम" वाचून संपवायच्या आत दोनवर बोट. दाबून धरलं. नख पांढरं पडेपर्यंत.

११ मार्च, मंगळवार

कर्टला सांगितलं. आधी माफी मागितली. "फुगे फोडतात गं ते," म्हणाला. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, विचार की. त्यानं कागदावर लिहिलं—गिरणीत तुमचं मशीन कोणतं? चार, पाच, सात. बाबांनी सातावर बोट ठेवलं आणि वर त्याच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणताहेत, गाढवा, हे काय विचारणं झालं?

कर्ट जमिनीवरच बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला. मीही रडले.

पण नंतर किचनमध्ये हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी जायचंच आहे, रेनी."

"अरे, आता तरी?"

"आता तर जास्तच. कळत नसताना शेगडी लावली असती तर शेगडीची वायर काढून भागलं असतं. सगळं कळत असूनही लावतात आणि विसरतात, त्याला काय करायचं? ही खोली गेली तर वर्षभर दुसरी नाही."

मी वर बघितलं, छताला तो डाग.

१६ मार्च, रविवार

उद्या सकाळी नऊला निघायचं. कर्टनं त्यांचे शर्ट घड्या करून बॅगेत भरले. मी म्हटलं, "एकदा त्यांना तरी विचार त्या दिवसाचं." त्यालाही पटलं. मनात खुपत असणारच.

त्यानं लिहिलं—शेगडीवर अंडी कोणी ठेवली? १) बाबा २) रेनी ३) आठवत नाही.

"माझं नाव कशाला?" मी हसून विचारलं.

"तीन पर्याय तरी हवेत ना. तुझ्या ॲपात असतात तसे."

सासऱ्यांनी वाचलं. सावकाश. मग कागदावरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. कर्टकडे नाही. माझ्याकडे. बोट हललंच नाही. मूठ वळली आणि टेबलावर—टक-टक.

"नाही आठवत त्यांना," कर्ट म्हणाला आणि कागद चुरगळला.

पण तिसरं उत्तर "आठवत नाही" हेच होतं की! ते का नाही दाखवलं? आठवतं त्यांना. बोलायचं नाहीये. पास.

कोणाला वाचवताहेत हे?

१७ मार्च, सोमवार, सकाळी आठ

मागची पानं उलटली. ११ फेब्रुवारी, सकाळ. "जेवायला अंड्याची सँडविचेस... ती होईपर्यंत खाली तळघरात बसून दोन लेव्हल मारते." माझंच अक्षर.

आठवत नव्हतं असं नाही. आठवायचं नव्हतं. दार बडवून ते मलाच हाका मारत होते.

कर्ट अंगणात गाडी तापवतोय. ही वही घेऊनच जाते त्याच्याकडे.