पाववाल्याची भट्टी आणि आमचा गॅस

२ सप्टेंबर, मुलुंड

दिवसभर ऑफिसात क्विझसाठी ब्रिटनच्या इतिहासातला हा आठवडा लिहीत होते. १९३९ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, ते भराभर लिहून टाकलं. १६६६ च्या लंडनच्या आगीपाशी मात्र अडकले. आग एका पाववाल्याच्या भट्टीतून लागली, आणि तो सांगत राहिला, भट्टी मी विझवली होती. मेला खोटारडा, म्हणून मी हसलेसुद्धा.

संध्याकाळी दार उघडलं तर करपल्याचा वास. मोदकपात्रातलं पाणी आटून बूड काळंठिक्कर, खाली गॅस ढणढणतोय. आणि आई बाहेर गणपतीसमोर शांतपणे समईत तेल घालतेय. तिला वासच आला नव्हता. गणपतीत घर रिकामं ठेवायचं नाही, समईपाशी कुणीतरी हवं, म्हणून ती घरी थांबते. त्याच भरवशावर मी बिनधास्त निघते ना!

"आई, गॅस चालू होता गं!"

"काहीतरीच काय! मी स्वतः बंद केलाय. बाप्पासमोर सांगते."

बाप्पासमोर आई खोटं बोलत नाही. कधीच नाही.

मग तो पाववाला? तोही खरंच बोलत होता का?

उद्या परत ऑफिस. आणि पेटत्या समईपाशी आई एकटी.