पुढचा पीळ, मागचा पीळ

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी नक्की काय काम करते हे सांगता येईना, म्हणून मामीने शेजारणीला मी रक्त तपासते असं सांगून टाकलं, हे वाचून हसले. आता नीट सांगते, तिलाही वाचून दाखव.

पेशीतला डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. त्यावरचा मजकूर उतरवून घ्यायला आरएनए पॉलिमरेज नावाचं चिमुकलं यंत्र धागे उलगडत त्यावरून धावतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंचं म्हणणं, एका जनुकावर अशा यंत्रांची गर्दी झाली की सगळी अडखळतात आणि एकटं असेल ते सुसाट जातं. मी पिळाची दोन्ही टोकं बांधून मोजलं, तर माझे आकडे नेमके उलटे आले. एकटंच रखडलं, घोळक्यातली पळाली! मी नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, असं बाई सर्वांदेखत म्हणाल्या. महिनाअखेरीपर्यंत पटवून दिलं नाही तर माझ्या आकड्यांचं पान आमच्या शोधलेखातून जाईल. मामा, आता मलाही वाटतंय की चूक माझीच. गप्प बसावं म्हणते.

कान उपट हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची

९ मार्च

चि. शास्त्रज्ञबाईंस,
अ. उ. आ.

तीस वर्षं दोर वळतोय, पण आमचा धंदा तुझ्या पेशीतही चालतो हे आजवर कुणी सांगितलं नाही. काल कारखान्यात दोन पदरी दोर घेतला, दोन्ही टोकं खुंट्यांना आवळली, पदरांमध्ये पाचर घालून पुढे रेटली. हातभर जाते न जाते तोच पुढचा पीळ असा करकचला की पाचर हलेना. मागे मात्र दोर ढिला पडलेला. डबा घेऊन आलेल्या मामीला पुढचं टोक सोडायला सांगितलं. तिने सोडलं, दोर गर्रकन फिरला, पाचर सुटली आणि मी तोंडावर आपटलो. ती अजून हसतेय.

आता अडाण्याचा एक प्रश्न. तुझ्या डीएनएचं टोक तू सोडून पाहिलंस का? पाहिलं नसेल तर का नाही? गप्प बसायचं हे तुला कुणी शिकवलं? आमच्या घरातलं तर कुणी नसावं, मामी साक्षीला आहे.

नाक सांभाळून असलेला,
मामा

१५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नाकाला बर्फ लाव. आणि तुझ्या प्रश्नाने मला घाम फोडला. ही चाचणी मला पहिल्याच दिवशी सुचली होती. केली नाही, ती भीतीने. टोक मोकळं करूनही एकटं यंत्र रखडलंच असतं तर बाई खऱ्या ठरल्या असत्या. न बघता निदान शंकेला जागा होती. हे बाकी कुणाला सांगितलेलं नाही. उद्या चाचणी लावते.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझी भित्री भाची

२८ मार्च

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

तीनदा केलं, तीनदा तेच! टोकं बांधलेली असली की एकटं यंत्र पुढच्या पिळात अडकतं. एक टोक कापून मोकळं केलं की धावत सुटतं. घोळक्यात मात्र पुढच्याने मागे सोडलेला ढिलेपणा आणि मागच्याने पुढे आवळलेला पीळ एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून सगळ्यांचं चालतं.

कागद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचले. मग कपाटातून एक पिवळी पडलेली वही काढली, त्या माझ्याएवढ्या होत्या तेव्हाची. मामा, त्यात माझेच आकडे होते. एकटं रखडलेलं, घोळका पळालेला. आणि सगळ्यावर त्यांच्याच हातची आडवी रेघ. त्यांच्या वरिष्ठांना पटलं नव्हतं, आणि मग त्यांनाही पटेनासं झालं, एवढंच म्हणाल्या. लेखात माझं नाव पहिलं घातलं. स्वतःचं घालावं की नाही, हे मात्र त्यांनी मला विचारलं.

मी घाला म्हटलं.

दोघांच्या आशीर्वादाची नेहमीचीच हावरी,
भाची